कोमोचा उपवास

आमच्या घरी सुट्टी म्हणजे कारंजा, माझं माहेर. नाहीतर तीर्थयात्रा. मुक्तागिरी तीनदा झाली, शिखरजी दोनदा, श्रवणबेळगोळ एकदा. तेही सासूबाई, नणंदा, मुलं, डबे, वळकट्या असा सगळा संसार बरोबर घेऊन. दोघंच असे कुठे म्हणून गेलो नव्हतो. त्यामुळे निवृत्तीला सहा महिने उरले असताना ह्यांनी एक दिवस चहा पिता पिता "इटलीला जाऊ या" म्हटलं, तेव्हा मला वाटलं, कारखान्याचंच काही काम निघालं असेल.

"काय आहे तिथं?"

"मिलान शहर आहे. जवळ तलाव आहेत."

भोपाळचा माणूस तलाव बघायला इटलीला जाणार! शेजारच्या भाभी तर म्हणाल्याच, "क्यों, अपना बड़ा तालाब सूख गया क्या?" बरखेड्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मंदिरात सकाळी अभिषेकाच्या वेळी चौघींनी विचारलं, आणि चौघींचा प्रश्न एकच, "तिथं खाणार काय?"

तीच माझीही काळजी होती. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. चातुर्मास लागायच्या आत परतायचं म्हणून जून ठरला. बॅगेत मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, चुरमुऱ्यांचा चिवडा आणि पाणी गाळायचं फडकं. मंदिर नसेल तिथं दर्शन न होता जेवावं लागणार, म्हणून रोज एक रस सोडायचा, असं मनाशी ठरवलं. ह्यांनी मात्र वेगळीच तयारी केली. एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहून पाठ केलं : "सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला." लसणाशिवाय, कांद्याशिवाय. आयुष्यभर कॅन्टीनमध्ये समोर येईल ते खाणारा माणूस मिलानमधल्या प्रत्येक हॉटेलात वेटरपुढे हे दोन मंत्र म्हणत होता. दशलक्षणात मी उपवास करते तेव्हा "मी कारखान्यातला माणूस, मला नाही जमत" असं म्हणून मोकळे होणारे हेच ते!

सूर्यास्ताचा प्रश्न मात्र सूर्यानंच सोडवला. मिलानला जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी ऊन असतं. साडेआठला जेवताना मला इतकं चोरट्यासारखं वाटायचं की मी पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघायची.

दुओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, बघून मी खरंच गप्प झाले. सगळं संगमरवरी, फिकट गुलाबी छटेचं. शिखरं १३५, मूर्ती तीन हजारांवर. १३८६ साली काम सुरू झालं आणि ते पाच शतकांहून जास्त चाललं. हा दगड कांदोलिया नावाच्या गावच्या खाणीतला. लागो माज्जोरे नावाच्या मोठ्या तलावातून, मग नदीतून, मग खोदलेल्या कालव्यातून नावांवर लादून तो शहरात आणायचे. देवाच्या कामाचा दगड म्हणून त्याला जकात माफ होती. मला आमचं भोपाळजवळचं भोजपूर आठवलं. तिथलं शिवमंदिर अर्धंच राहिलं, त्याचे नकाशे आजही खडकांवर कोरलेले दिसतात. जवळच शांतिनाथांची ती उंच मूर्ती, ते मंदिरही अपुरंच. राजा भोजाला पाचशे वर्षं मिळाली असती तर, असं उगीच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी माज्जोरेला गेलो. तिथं इझोला बेल्ला नावाच्या बेटावर राजवाडा आहे आणि बागेत पांढरे मोर. शुभ्र. मी गळलेलं पीस कुठं दिसतं का म्हणून जमिनीकडे बघत फिरले. मुनींच्या हातात पांढरी पिच्छी कशी दिसली असती, हा विचार काही केल्या जाईना. पीस मिळालं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी गडबड झाली. आम्ही राहत होतो त्या फ्लॅटजवळच्या दुकानात मुलीसाठी चीज घ्यायला गेले. तीन दिवस माझ्या टोमॅटोच्या पास्त्यावर ते पांढरं भुरभुरवत होते आणि मला आवडलं होतं. दुकानात एक पंजाबी तरुण काम करत होता. क्रेमोनाकडे गाईंच्या गोठ्यांत त्याच्या गावची पुष्कळ माणसं आहेत, तोही आधी तिथंच होता. माझ्या हातातला तुकडा बघून म्हणाला, "आंटीजी, आप वेज हो? फिर ये मत लो. इसमें बछड़े का होता है."

पार्मिजानो काय, ग्राना पादानो काय, दूध फाडायला त्यात 'काल्यो' घालतात. दूधपित्या वासराला मारून त्याच्या जठरातून काढलेलं. नियमच आहे तसा. ग्राना पादानोच्या वेष्टनावर तर अंड्यातल्या पदार्थाचंही नाव होतं. तीन दिवस लसूण नको म्हणून सांगत होतो आणि वर हे!

खोलीवर येऊन मी पलंगावर बसून राहिले. ओकारी आली नाही, रडूही आलं नाही. नुसतं ते आवडलं होतं, हेच आठवत राहिलं. हे समजावत होते, "नकळत झालं. नकळत झाल्याचं कसलं पाप?"

"कालपर्यंत नकळत होतं. उद्या माझा उपवास."

"उद्या कोमोला जायचंय. तिकिटं काढलीत."

"उपवास पोटाचा आहे. डोळे माझे उघडेच राहतील."

कादोर्ना स्टेशनवरून तासाभरात गाडी कोमोला तलावाकाठीच सोडते. बाटलीत उकळून गाळलेलं पाणी घेतलं होतं. कोमो तलाव उलट्या वाय अक्षरासारखा आहे आणि चारशे मीटरहून खोल. आमचा बडा तालाब राजा भोजानं कोलांस नदीला बांध घालून केला, हा हिमनद्यांनी कोरला. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. बोटीनं बेल्लाजोला गेलो. तिथं सगळं जग आइस्क्रीम खात होतं. मी ह्यांना म्हटलं, "घ्या की." म्हणाले, "भूक नाही." साडेबाराला पोटात भोंगा वाजणारा हा माणूस! मी काही बोलले नाही. दोन वाजता परत विचारलं. "नाही म्हटलं ना."

परत कोमोला उतरल्यावर म्हणाले, "चल, एक मंदिर दाखवतो." काठावर घुमटाची, खांबांची पांढरी इमारत. मंदिर ऐकून मी पायऱ्यांवर चपला काढायला वाकले, तर हे हसले. व्होल्टाचं मंदिर! टेम्पियो व्होल्टियानो. ज्याच्या नावानं आपण व्होल्ट म्हणतो तो आलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ साली कोमोतच जन्मला, १८२७ साली कोमोतच वारला. त्याच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त ही वास्तू बांधली. त्याची पुष्कळशी उपकरणं १८९९च्या प्रदर्शनात आगीत जळाली. जी वाचली ती, आणि जळालेल्यांच्या प्रतिकृती, काचेच्या कपाटांत आहेत.

हे एकेका कपाटापुढे थांबत होते. शिखरजीला मी प्रत्येक टोंकेवर थांबते तसे. ह्यांचं सगळं आयुष्य भेलच्या कारखान्यात पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइन करण्यात गेलं. संध्याकाळी यायचे तेव्हा मी फक्त "जेवायचं का?" विचारायची. आज म्हटलं, "नीट सांगा, ह्यानं केलं काय?"

"गाल्वानी म्हणून एक होता. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले की पाय उडायचा. तो म्हणाला, वीज बेडकात आहे. व्होल्टानंही आधी बेडूक घेतलेच. मग त्याच्या लक्षात आलं, वीज बेडकात नाहीच, दोन धातूंमुळे आहे. मग त्यानं जस्त आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. झाली बॅटरी. १८०० साली त्यानं जगाला कळवलं."

"म्हणजे बेडूक लागतच नव्हता?"

"नव्हता."

मी त्या चकत्यांच्या उतरंडीकडे बघत उभी राहिले. किती बेडूक गेले असतील तोवर, हे काही मी विचारलं नाही. ह्यांनीच मग खिशातून ती चिठ्ठी काढली. सेन्त्सा चिपोल्लाच्या खाली नवी ओळ होती : "काल्यो वेजेताले."

"वनस्पतीचंही असतं," म्हणाले. "काल रात्री तू झोपल्यावर शोधलं. वेष्टनावर हे लिहिलेलं असलं तर चालतं. वासरू लागतच असं नाही."

परतीच्या गाडीत ह्यांचा डोळा लागला. कोमोतून निघणाऱ्या अद्दा नदीवर पादेर्नोला १८९८ साली वीजघर बांधून मिलानला वीज नेली, तेही ह्यांना बघायचं होतं. पण राहिलं. माझ्या उपवासाच्या दिवशी आणखी पायपीट नको, म्हणून बहुतेक.

सकाळी मूगडाळीचं पाणी आणि मऊ भात केला. मी णमोकार म्हणून पहिला घास घेतला, तर हे ताट घेऊन समोर येऊन बसले आणि हात जोडले.

"तुमचं कसलं पारणं?"

"काल मीही काही खाल्लं नव्हतं," हे म्हणाले. "फक्त पाणी न गाळता प्यालो."