दोर ताणलेला हवा

2020 चा पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवसापासून कोरोनामुळे देश बंद झाला. आमच्या गावात पाडव्याला सासनकाठी खाली उतरवतात, तिला नवी वस्त्रं चढवतात आणि चैत्र पौर्णिमेला ती ज्योतिबाच्या डोंगरावर नाचते. त्या वर्षी ती देवळाच्या ओसरीत आढ्याखाली तशीच आडवी राहिली. आडवी काठी म्हणजे नुसता कळक.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे, तोच ज्योतिबाचा. चैत्र पौर्णिमेला तिथं गावोगावच्या काठ्या येतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा. काठी घरापेक्षा उंच असते. एक गडी तिचं बूड कमरेच्या शेल्याशी घेऊन नाचतो, आणि वरून सुटलेले दोर, म्हणजे तोरण्या, चारी बाजूंनी माणसं धरतात. हलगी घुमते, पिपाणी चढते, गुलाल-खोबरं उधळतं. बघणाऱ्याची नजर मधल्या गड्यावर असते. माझीही असायची. माझे चुलते, तात्या, पंधरा-वीस वर्षं तो मधला गडी होते.

8 एप्रिलला पौर्णिमा होती. डोंगराच्या वाटा बंद. देवाचे विधी मोजक्या लोकांत उरकले जाणार, हे ठाऊक होतं. संध्याकाळी मी गच्चीवर गेलो तर तात्या आधीच तिथं होते. डोंगराकडे तोंड, कमरेला शेला बांधलेला, दोन्ही हात पोटापुढं, जणू काठी धरलीय. तोंडानं हलगीचा ठेका धरून त्यांनी चार पावलं टाकली. पाचव्याला थांबले. मला वाटलं, दम लागला. ते म्हणाले, “तोल जातोय रं. वर कुणी धरल्यालं न्हाई.”

हातात काहीच नव्हतं, तरी तोल जात होता. हे वाक्य मी दोन वर्षं मनात घोळवत होतो.

त्या दिवसांत मोबाईलवर नाचाचे पुष्कळ व्हिडिओ येत. कुणी स्वयंपाकघरात, कुणी बाल्कनीत एकेकटं नाचलेलं. मग ते तुकडे जोडून एका चौकटीत बसवलेले. त्यांना मी कमी लेखत नाही. कोंडलेल्या माणसानं पाय हलवावेत यात मोठं धैर्य आहे, आणि काही तर मी रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. पण प्रत्येक चौकटीतला माणूस स्वतःच्याच वजनावर उभा होता. पंचमीची फुगडी आठवा. दोघी मागं झुकतात त्या एकमेकींच्या भरवशावर. हात सुटला तर दोघी पडतात. काठीचंही तेच. ती एकट्याची नाहीच.

आणि ‘सुरक्षित अंतर’ हा शब्द ऐकला की मला तोरण्या आठवायच्या. तोरणीवाले एकमेकांपासून चांगले लांब उभे असतात. जवळ आले तर दोर सैल पडतो आणि काठी कलते. म्हणजे अंतर आम्हाला नवीन नव्हतं. अंतराच्या मधे ताणलेला दोर होता, तो गेला होता.

2021 ची पौर्णिमा 27 एप्रिलला आली तेव्हा दुसरी लाट अंगावर होती. यात्रा पुन्हा रद्द. आमच्या काठीची डावी तोरणी धरणारे काका त्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या वाटेला चार माणसं होती, तीही दवाखान्याची, चेहरे झाकलेली. ज्या माणसानं आयुष्यभर गर्दीत उभं राहून दोर धरला, त्याला खांदा द्यायला गाव नव्हतं. तात्या दाराच्या उंबऱ्यावर बसून होते, हाताच्या मुठी आवळून.

2022 च्या पाडव्याच्या तोंडावर राज्यातले निर्बंध उठले. काठी खाली आली तेव्हा कळकावर बोटभर धूळ होती. ती पुसताना कुणी बोलत नव्हतं.

16 एप्रिलला डोंगरावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधे तात्यांचा मुलगा, मागची तोरणी माझ्याकडे. डावी कुणी धरायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. काकांचा थोरला पुढं आला, न बोलता. त्यानं कधी दोर धरला नव्हता. हलगी सुरू झाली, काठी उठली आणि डावीकडं झुकू लागली. माझ्या तळव्यातून दोर सरसर घासत गेला. त्या झटक्यातून पलीकडचा अनोळखी, घाबरलेला हात मला कळत होता.

“ढील दे! आता वढ!” कठड्यापाशी टेकून उभे असलेले तात्या ओरडले. आवाज गर्दीत बुडाला, पण पोरानं त्यांचा हात पाहिला असावा. दोर ताणला. काठी सरळ झाली, वर गोंडे थरथरले, आणि मागून दुसऱ्या गावची काठी आमच्या अगदी जवळ येऊन वाट मागू लागली.