टाकीतली कोळंबी

माशांची टाकी घरात आली की मागोमाग शेवाळही येते. आमच्याकडे आधी काचेवर हिरवट साय धरली, मग पाणवनस्पतींना हिरवे धागे लटकू लागले. मुलांनी चौकशी केली आणि पाच अमानो कोळंब्या घरात आल्या. दादी म्हणाल्या, ''कोळंबी हंडीत शोभते, काचेत कशाला?''

या कोळंबीचे नाव ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारावरून पडले. त्यांनी टाकीतल्या पाणवनस्पतींच्या बागा जगभर लोकप्रिय केल्या आणि 1980 च्या दशकात शेवाळ खाणारी म्हणून ही कोळंबी पुढे आणली. पूर्ण वाढलेली मादी साधारण 5 सेंटिमीटरची. अंग जवळजवळ पारदर्शक, बाजूला बारीक ठिपके. धाग्यांचे शेवाळ ती चिमट्यांनी वेचून खाते. काचेला घट्ट बसलेले हिरवे ठिपके मात्र आपल्यालाच खरवडावे लागतात.

एका सकाळी तळाशी एक कोळंबी निपचित दिसली. धाकटी रडू लागली. नीट पाहिले तर ते नुसते रिकामे कवच! वाढताना कोळंबी कात टाकते. नवे कवच टणक होईपर्यंत ती आडोशाला लपते. जुने कवच आम्ही टाकीतच राहू दिले. कोळंब्या ते खातात, त्यातून त्यांना कॅल्शियम मिळते.

खरी कसोटी पुढे आली. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. दुकानदाराने औषधाची बाटली दिली, ''टाकीत ओता, झाले.'' थोरलीने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. त्यात तांबे होते, आणि तांब्याचा थोडासा अंशही कोळंबीचा जीव घेतो. मासे वाचवायचे तर कोळंब्या जाणार, कोळंब्या जपायच्या तर मासे. अब्बांनी मार्ग काढला. सगळे मासे वेगळ्या टबात हलवले, औषध तिथेच दिले. त्या टबाची जाळी आणि बादलीसुद्धा वेगळी ठेवली. या रोगाचा परजीवी माशाशिवाय जगत नाही. त्यामुळे दोन आठवडे टाकीत फक्त कोळंब्या राहिल्या आणि टाकी आपोआप निर्धोक झाली. एक मासा गेला, बाकीचे परतले. कोळंब्या पाचही शाबूत.

आता टाकीचा दिवा दिवसाला सातच तास लागतो, कारण जास्त उजेड आणि उरलेले खाणे हेच शेवाळाचे मूळ. पाणी दर आठवड्याला थोडेच बदलतो, तेही क्लोरीन काढून. टाकीवर झाकण असते. ही कोळंबी वर चढून बाहेर पडते. शेवाळ संपले की तिला उकडलेल्या पालकाचे पान देतो. तिची पिल्ले वाढायला खारे पाणी लागते, म्हणून आमच्या टाकीत तिची वंशवाढ होणार नाही. आहेत त्या पाचच.

साफसफाईसाठी आणलेला जीव असला, तरी तो बेजुबान आहे. त्याच्या वतीने बाटलीवरची चिठ्ठी आपणच वाचायची असते.