दुसऱ्या टप्प्यातला माणूस

मध्य प्रदेशातलं आपलं काँग्रेस सरकार का पडलं, ते कमलनाथांनी ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. म्हणे, सरकार दिग्विजयसिंहच चालवतात असं ज्योतिरादित्य शिंद्यांना वाटलं, म्हणून त्यांनी आमदार फोडले. त्याआधी दिग्विजयसिंहांनी मुलाखतीत आपली बाजू मांडली होती: ग्वाल्हेर-चंबळच्या मागण्यांची ठरलेली यादी पाळली गेली नाही. आमच्या जामसांवलीच्या हनुमानाच्या देवळाबाहेर चहा पिताना हे ऐकलं आणि माझं डोकंच सरकलं. कोण कोणावर रुसलं, एवढाच हिशेब?

17 डिसेंबर 2018 ला शपथ घेतली त्याच दिवशी शेतकऱ्यांच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीवर कमलनाथांनी सही केली. छिंदवाड्याचा माणूस मुख्यमंत्री, आम्हाला काय आनंद! जानेवारीत फॉर्म निघाले. आधार जोडलेल्याला हिरवा, न जोडलेल्याला पांढरा, तक्रार असेल त्याला गुलाबी. माझा हिरवा. मग कळलं, पहिल्या टप्प्यात थकीत खात्याला दोन लाखांपर्यंत माफी, चालू खात्याला फक्त पन्नास हजारांपर्यंत. माझं कर्ज त्याहून थोडं जास्त, आणि खातं चालू. वर्षानुवर्षं छदाम न भरणाऱ्या शेजाऱ्याला प्रमाणपत्र मिळालं. मी दरवर्षी कपाशी विकून आधी सोसायटी भरणारा, मी रांगेत मागे.

"भाऊ, तुम्ही दुसऱ्या टप्प्यात," सोसायटीवाला म्हणाला.

"मग या वर्षी भरू का नको?"

"आता मी कसं सांगू? भरलं तर माफी कशाची होईन?"

नाही भरलं. दुसरा टप्पा सुरू झाला जानेवारी 2020 मध्ये आणि 20 मार्चला सरकारच गेलं. माझा नंबर लागलाच नाही. मी थकबाकीदार झालो. शून्य टक्क्याचं कर्ज बंद, खत रोखीने. तोंडी काही ऐकू नका, लिहून घ्या, एवढंच सांगतो.

गंमत अशी, की कर्जमाफीला फसवणूक म्हणणाऱ्या भाजप सरकारनेच सप्टेंबर 2020 मध्ये विधानसभेत लेखी उत्तर दिलं: सुमारे 27 लाख शेतकऱ्यांचं कर्ज माफ झालं. म्हणजे योजना खोटी नव्हतीच. मग अर्धवट सुटलेल्यांचं काय? त्यावर कमलनाथ-दिग्विजयसिंह दोघांपैकी कोणीच बोलत नाही.

थकबाकीदारांचं व्याज भाजपचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंहांनी 2023 मध्ये माफ केलं. त्याच वर्षी 24 ऑगस्टला इथेच, जामसांवलीत, हनुमान लोकचं भूमिपूजन करून पांढुर्णा जिल्ह्याची घोषणाही केली. व्याज सुटलं, मुद्दल मात्र मी संत्र्याच्या पैशातून भरलं.

तरी नोव्हेंबरातल्या विधानसभा निवडणुकीत छिंदवाडा-पांढुर्ण्याच्या सातही जागा काँग्रेसला गेल्या. राज्यात 230 पैकी 66 च. त्या सातांत माझंही मत होतं. अजून पंजाच का, असं घरी विचारलं. म्हटलं, सरकार आलं तर दुसरा टप्पा सुरू होईल. खातं तोवर निल झालं होतं.