हातांची बोली

पहाटेचा पहिला भोंगा व्हायचा तेव्हा मुंबईत लालबागच्या आमच्या चाळीत अजून अंधारच असायचा. पण तो अंधार रिकामा नसे. खाली नळाची धार पितळी हंड्यात पडू लागलेली असायची, शेजारच्या खोलीत कुणीतरी स्टोव्हला पंप देत असायचं, लाकडी जिन्यावर चपला वाजायच्या, आणि या साऱ्यावरून तो भोंगा जाड, ओलसर आवाजात वाहत जायचा. एका गिरणीचा विरतो न विरतो तोच दुसरीचा उठायचा. प्रत्येकीचा गळा निराळा. आम्ही पोरं गोधडीतूनच ओळखायचो, हा आपला.

आपला म्हणजे बाबांचा.

बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. शेकडो साचे एकदम धडधडत असताना माणसाचा शब्द शेजारच्या माणसापर्यंत पोचत नसे, म्हणून विणकर हातांनी, ओठांनी, भुवयांनी बोलत. धागा तुटला, पाणी पिऊन येतो, जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय, तंबाखू दे. सगळ्याला खूण होती. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. त्या दमट कल्लोळात पाळी भरून बाबा दारात उभे राहायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मनगटांच्या केसांत कापूस असायचा, आणि मागून येणारा गॅलरीतल्या दिव्याचा उजेड त्या तंतूंत असा अडकून राहायचा की त्यांच्याभोवती कुणी पांढऱ्या दोऱ्यानं कड घातली आहे असं वाटे. मी त्यांच्या भुवईवर फुंकर घालायचो. तेलाचा, घामाचा, ओल्या सुताचा वास यायचा.

दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण. गावाहून कुणी आलं की आठ, नऊ. दिवा लावला तर सगळी उठतील म्हणून आई अंधारातच ताट वाढायची. आणि मग, गॅलरीतून खिडकीच्या गजांवाटे येणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या उजेडात, दोघं हातांनी बोलायची. बाबांनी पाच बोटं जुळवून ओठांशी नेली की, जेवलीस? आईनं तळहात आधी त्यांच्याकडे, मग स्वतःकडे वळवला की, तुमच्याबरोबर. माझी फुटलेली पाटी, गावाहून आलेलं कार्ड, रेशनच्या रांगेतलं भांडण, सगळा दिवस ती बोटांनी त्यांच्या पुढ्यात मांडायची. एकदा कशावर तरी ती हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलत राहिले, कितीतरी वेळ. आई अशी हसते हे मला दिवसा कधी कळलं नव्हतं. चाळीत नवरा-बायकोला एकांत नव्हता, असं लिहिणाऱ्यांनी या दोघांना पाहिलेलं नाही.

मी डोळे किलकिले करून सारं बघायचो. बघता बघता मला ती बोली येऊ लागली. त्यांना ते माहीत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उभे राहिले. आमच्या मजल्यावर सगळे त्यांना नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत. पहिले काही दिवस मला सणासारखे वाटले. बाबा उन्हात घरी होते! त्यांच्या भुवया किती काळ्याभोर आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. पण भोंगा होवो न होवो, ते त्याच वेळेला उठायचे आणि कठड्याला टेकून धुराड्याकडे बघत बसायचे. धूर नसायचा. एकेका खोलीला कुलूप लागत गेलं, माणसं गावी गेली. आमचा पितळी हंडा गेला, आईच्या बांगड्या गेल्या. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कधी जाहीर झालंच नाही. जुनं लुगडं विरतं तसा तो विरत गेला.

हातांची बोली मात्र आता दिवसाही चालू झाली. आम्हा पोरांना कळू नये अशा गोष्टींसाठी. एका संध्याकाळी बाबांनी डब्याकडे पाहून भुवई उंचावली. आईनं दोन बोटं वर केली, थांबली, आणि त्यातलं एक मिटलं. एका दिवसाचं पीठ.

त्या रात्री मी एक भाकरी कमी खाल्ली. पोट भरलं म्हणालो.

बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. तिला ऐकू फार कमी येतं. कानातलं यंत्र टोचतं म्हणून ते तिच्या उशाखाली पडलेलं असतं. मला कामावरून यायला उशीर होतो तेव्हा ती खिडकीशी बसलेली असते, आणि रस्त्यावरचा उजेड तिच्या पांढऱ्या केसांत अडकलेला असतो. मी दारातूनच पाच बोटं जुळवून ओठांशी नेतो.

ती तळहात आधी माझ्याकडे, मग स्वतःकडे वळवते.

मग मी दोन ताटं घेतो.