हलती बाहुली आणि चालतें दुकान

जाहिरात ही पासष्टावी कला आहे, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्यास हरकत घेणार नाहीं. मात्र ही कला लहान दुकानदारास कितपत परवडते, हा निराळा प्रश्न आहे, आणि लोणावळ्याच्या बाजारांत तो पावलोपावलीं भेटतो.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, तेव्हांपासून येथील व्यापार वाटसरूवर जगत आला आहे. २००२ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग पुरा झाला, आणि पूर्वीं दारावरून जाणाऱ्या कित्येक मोटारी गांव वगळून जाऊं लागल्या. जे थांबतात त्यांच्यापुढें चिक्कीचीं दुकानें ओळीनें उभीं. माल एकसारखा, पाट्याही एकसारख्या. तेथेंच लहानसें दुकान चालविणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, दाराशीं मान लववून नमस्कार करणारी विजेची बाहुली बसवूं काय?" त्यासाठीं गूळ आणि शेंगदाणे यांच्या खरेदीस ठेवलेले पैसे मोडावे लागणार होते.

हंसण्यासारखी ही गोष्ट नव्हे. पुण्याच्या गणेशोत्सवांतले हलते देखावे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हालचालीची मोहिनी सांगावयास नको. मोटारीनें फिरणाऱ्या चाकास मध्यबिंदु सोडून एक दांडी जोडली, कीं राक्षसाचा हात वर-खालीं होऊं लागतो आणि रस्ता गर्दीनें तुंबतो. पण तीच हालचाल तिसऱ्यांदा झाली, कीं गर्दी पुढें सरकते, हेंही आम्हीं पाहिलें आहे.

याहून वेगळा प्रकार हॉलंडांत घडला. १९७० सालीं आइंडहोव्हेन येथील फिलिप्स कंपनीच्या प्रदर्शनगृहांत एडवर्ड इहनाटोविच या शिल्पकारानें 'सेन्स्टर' नांवाचें पोलादी नळ्यांचें यंत्रशिल्प उभारलें. सुमारें १५ फूट लांबीचें तें धूड, संगणकाच्या आज्ञेनें, हळू बोलणाऱ्याकडे मान वळवी आणि आरडाओरडा झाला कीं मागें सरे. लोक त्याच्यापुढें खिळून राहत; कारण तें नुसतें हलत नव्हतें, ऐकत होतें.

ऐकण्याची ही शक्ति विकत घेण्यास फिलिप्ससारखी कंपनी लागते. आणि तिनेंही तें शिल्प थोड्याच वर्षांत मोडून काढलें. लहान दुकानदारास मात्र ती फुकट लाभलेली आहे. कोणास कडक चिक्की चावत नाहीं, कोणास गुळाचीच हवी, हें बोलण्यावरून ओळखून वानगीचा तुकडा हातावर ठेवणें, यापलीकडे छोट्या धंद्याचें विक्रीशास्त्र फारसें नाहीं. असें आम्हीं त्यास सांगितलें.

त्यानें बाहुली घेतली नाहीं. ती शेजारच्या दुकानीं आली. रविवारीं तिच्यापुढें माणसें जमतात, आणि आमचा विद्यार्थी तबकांत चिक्कीचे तुकडे घेऊन त्या गर्दींत फिरतो. जाहिरातीचा खर्च एकाचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचें, या न्यायास अर्थशास्त्रांत काय म्हणतात, तें आमच्या सहाध्यापकांस एकदां विचारलें पाहिजे.