भंडारदऱ्याच्या वाटेवरील पाणी

नगरहून कॅराव्हॅनने संगमनेर, अकोलेमार्गे भंडारदऱ्याला निघालात, तर वाटेत पाण्याची चव बदलत गेलेली आपल्याला जाणवेल. पठारावरील बोअरचे पाणी बहुधा जड. साबणाला फेस येत नाही, भांड्यात पांढरा थर बसतो. प्रवरेवरील १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणात साठते ते सह्याद्रीच्या पावसाचे पाणी मात्र हलके.

टाकी भरताना नळीला छोटा सॉफ्टनर जोडल्यास नळ व गिझर टिकतात. मात्र त्यातील रेझीन कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेते आणि बदल्यात सोडियम देते. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणा काढला, तर सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात उतरते. रक्तदाब असलेल्या आजोबांनी ताटातले मीठ सोडावे आणि तेच पेल्यातून प्यावे, हे योग्य नव्हे. शिवाय सॉफ्टनरने जंतू मरत नाहीत.

म्हणून टाकीचे पाणी अंघोळीला व भांड्यांना ठेवावे. पिण्यासाठी, विशेषतः तान्ह्याच्या दुधाच्या पावडरीसाठी, खात्रीच्या ठिकाणचे पाणी सॉफ्टनरविना वेगळे भरून उकळावे. उकळल्याने जडपणाचा काही भाग तळाशी बसतो आणि जुलाब, काविळीचे भयही टळते. प्रवासातील पाण्याचे दोन हिशेब नेहमी वेगळे ठेवा: एक यंत्राचा, दुसरा शरीराचा.