आईंचा लॅपटॉप सुरू होईना, तेव्हा...

आषाढी एकादशीला आठ दिवस उरले होते आणि माझ्या सासूबाईंचा लॅपटॉप सुरूच होईना.

तुमच्याही घरात असा एखादा जुना लॅपटॉप असेल. आमच्याकडचा २०१४ सालचा. आधी नवऱ्याने वापरला, मग मुलीने आणि गेली चार वर्षं तो आईंचा आहे. आम्ही इंदूरला राहतो. आमच्या भागातल्या मराठी बायकांचं एक भजनी मंडळ आहे. बहुतेक जणींना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून आईंनी सत्तरीत मराठी टायपिंग शिकून दोनशेहून जास्त अभंग आणि गौळणी मोठ्या अक्षरांत उतरवून काढल्या. ठेका कुठे बदलायचा, कुठलं कडवं कोणी उचलायचं, त्याच्या खुणासुद्धा त्यात आहेत. एकादशीसाठी त्यातल्या चाळीस अभंगांच्या नव्या प्रती काढायच्या होत्या.

बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पण पडदा काळाच. मी ऑफिसच्या घाईत होते. बोलून गेले, "आई, जुना झाला तो. आता टाकून द्या, नवीन घेऊ."

"हो गं, जुनं झालं की..." एवढंच म्हणून त्या मेथी निवडायला बसल्या.

दिवसभर ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यात होतं. संध्याकाळी आल्यावर मी तो लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवला आणि आईंना शेजारी बसवलं.

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. पण एक नियम मला माहीत होता : आधी सोपं, मग अवघड. तुम्हीही याच क्रमाने जा.

सगळ्यात आधी चार्जर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला. मग पेनड्राइव्ह, माऊस, सगळं काढलं. कधी कधी लॅपटॉप खोचलेल्या पेनड्राइव्हवरूनच सुरू व्हायला बघतो आणि अडकतो. अंधारात पडद्यावर टॉर्च मारून पाहिला. पुसट चित्र दिसलं असतं, तर बिघाड पडद्यामागच्या उजेडात आहे असं समजलं असतं. तसं काही दिसलं नाही. मग चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. आत साठून राहिलेली वीज त्याने निघून जाते आणि बरेच लॅपटॉप एवढ्यानेही सुरू होतात. आमचा झाला नाही. (बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र हे प्रयोग करू नका. ती दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका, दुकानात दाखवा.)

पुढची पायरी रॅमची. चार्जर आणि बॅटरी काढलेलीच होती. मागचं झाकण उघडलं. रॅम म्हणजे बोटभर लांबीची एक पट्टी. बाजूच्या दोन पकडी हळूच फाकवल्या की ती वर येते. तिच्या सोनेरी कडेवर वर्षानुवर्षं थर जमतो आणि जोडणी नीट होत नाही. मुलीच्या कंपासपेटीतलं मऊ खोडरबर घेऊन आईंनीच ती कडा अलगद पुसली, कपड्याने भुगा झटकला. पट्टी तिरकी घालून खाली दाबली, टक् आवाज झाला. काही लॅपटॉपमध्ये ही पट्टी आतच पक्की जोडलेली असते. तसं असेल तर नाद सोडा.

बटण दाबलं आणि पडदा उजळला! आईंनी हात जोडले.

पण आनंद दोन मिनिटांचाच. तारीख भलत्याच जुन्या वर्षाची दिसत होती. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा आतला बटणासारखा छोटा सेल संपला होता. ते किरकोळ. पण गोल गोल फिरणारे ठिपके थांबेनात. दोनदा तसंच झालं आणि नंतर विंडोजने आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवला.

आई म्हणाल्या, "याचं माझ्यासारखंच आहे. गुडघा बरा झाला की कंबर."

त्या पडद्यावर एक पर्याय होता, पीसी रिसेट करण्याचा. माझं बोट तिथे गेलंच होतं. तेवढ्यात आईंनी विचारलं, "यात माझे अभंग राहतील ना?"

मी थांबले. तेव्हा लक्षात आलं, मी मघापासून यंत्र दुरुस्त करत होते. आईंना यंत्र नको होतं, अभंग हवे होते. कान देऊन ऐकलं, तर आतून हार्ड डिस्कचा टिक्-टिक् आवाज येत होता. असा आवाज म्हणजे डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. अशा वेळी रिसेट किंवा दुरुस्तीचे तासन्‌तास चालणारे प्रयोग तिला आणखी थकवतात. मी लगेच लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी डिस्क सोडवली, ती यूएसबीला जोडणारी एक केबल आणली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. फोटो, सिनेमे सगळं बाजूला ठेवून आधी फक्त अभंगांचं फोल्डर उचललं. एरवी मिनिटात व्हायचं काम, त्याला जवळजवळ तास लागला. तीन फायली आल्या नाहीत. त्यातला एक अभंग आईंना तोंडपाठ होता. बाकीचे दोन मंडळातल्या एका काकूंकडच्या जुन्या प्रतीत सापडले.

नंतर दुकानातून नवी एसएसडी बसवून घेतली, सेलही बदलला. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च थोडाच आला. मात्र या जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. म्हणून आम्ही ठरवलं, यावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत. फक्त टायपिंग.

एकादशीच्या दोन दिवस आधी प्रती छापून आल्या. आता दर शनिवारी आई फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतात आणि तो देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवतात.

त्या सकाळचं बोलणं मात्र मनातून जात नव्हतं. एका संध्याकाळी मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी चुकून बोलले."

"ते राहू दे," त्या म्हणाल्या, "तुझ्या लॅपटॉपची प्रत कधी घेतेस?"

मी घेतलेली नव्हती. तुम्ही घेतली आहे का?